ब्रेक लाइटला एलईडी टाकू का?

प्रश्न: विजापूर रोडला रात्री ट्रक लई जवळ येतात मागून, म्हणून टेल लाइटला एलईडी टाकायचाय, बल्ब पी२१/५डब्ल्यू आहे (एकाच बल्बात टेलला ५ वॅट अन् ब्रेकला २१ वॅट), पांढरा घेऊ का लाल?

उत्तर: लालच घे भावा. पांढऱ्याचा बराच उजेड लाल काच खाते अन् रंग गुलाबट दिसतो. ५ अन् २१ वॅटमधला फरक एलईडीतपण ठळक पाहिजे, नायतर ब्रेक मारलेला मागच्याला कळतच नाही.

दुसरं उत्तर: इंडिकेटरला जुना बल्बच राहू दे. तिथं एलईडीमुळं करंट कमी झाला की बऱ्याच गाड्यांत फ्लॅशरला (इंडिकेटर चालू-बंद करणारा भाग) वाटतं बल्ब उडाला, मग टकटक डबल स्पीडनं. करंट वाढवायला रेझिस्टर लावतात पण तो लई तापतो, प्लास्टिकपासून लांब ठेवावा लागतो.

तिसरं: आधी होल्डरचा गंज अन् अर्थिंग बघ, काचेवरची धूळ पूस. जुन्या बल्बचाच उजेड वाढेल.