जर्मन शिकायला मास्तर हवा की पडद्यापलीकडचा गडी?

तिसरं_गेट
बेळगावात टिळकवाडीत मी जर्मन शिकवते. वर्गात चौदा मुली, दोन मुलगे. बहुतेकांचं नर्सिंग झालंय किंवा चाललंय. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळी (भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी) लागते, त्यामुळे सगळ्यांना घाई. गेल्या सप्टेंबरात आमचा वर्ग जर्मनीतल्या नर्सिंग शिकणाऱ्या एका वर्गाशी जोडला. व्हर्च्युअल एक्सचेंज म्हणतात याला. दोन गावांतले दोन वर्ग, दोन्हीकडे शिक्षक, आठ आठवडे, दर मंगळवारी भेट आणि दोघांनी मिळून पुरं करायचं एक काम. पाऊण तास जर्मन, पाऊण तास इंग्रजी, कारण त्यांना इंग्रजीचा सराव हवा होता.

माझं मत सरळच लिहिते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. वर्षभर व्याकरण घोकून जे झालं नाही ते या आठ आठवड्यांत झालं. यापुढे याच्याशिवाय परकी भाषा शिकवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं.

एकच उदाहरण देते. कुणी नकारार्थी काही म्हटलं आणि ते खोडायचं असलं तर जर्मन माणूस 'या' (म्हणजे 'हो') म्हणत नाही, 'डॉख' म्हणतो. मी फळ्यावर तीन तक्ते काढले, कुणाच्या डोक्यात शिरेना. तिसऱ्या भेटीत पलीकडच्या मुलीनं विचारलं, तुमच्याकडे थंडी नसतेच ना? आमची येळ्ळूरची एक मुलगी फटकन मराठीतच म्हणाली, "असते की!" मग स्वतःच थबकली, आणि ओरडली, "डॉख!" तेव्हापासून वर्गात 'डॉख' म्हणजे आपला बेळगावी 'की'. बारा वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं.

उद्यमबाग
मॅडम, काय सांगालाय! सोळा पोरांवरनं सगळ्या जगाचं ठरवून टाकला की. माझा प्रश्न साधा हाय. जर्मन घेतला, इंग्रजी दिला. ह्याच्यात मराठी कुठं आली? देवाणघेवाण म्हणताय तर आपलं काय दिलासा?

आणि दुसरं. माझ्या फाउंड्रीत मोल्डिंगला अर्धी माणसं कन्नड, अर्धी मराठी. वीस वर्षं एका भट्टीसमोर उभी हायत आणि एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलतात. शेजारच्या माणसाची भाषा यायला नको आणि सात हजार किलोमीटरवरच्या माणसाची पायजे. कौतुक वाटतंय मला.

मलप्रभाकाठ
मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढचा. माझी मुलगी अशाच एका वर्गात होती (तुमच्या नव्हे). पावसाळ्यात आमच्याकडे करंट गेला की तो कधी येईल हे कुणी विचारतही नाही. घरात चांगला फोन एकच, तो माझ्याकडे. रेंज पाहिजे तर देवळामागच्या चढावर जायचं. पोरगी छत्री धरून चढावर उभी राहून जर्मनीतल्या मुलीला "माझा दिनक्रम" सांगायची. चित्र थांबायचं, आवाज तुटायचा. पलीकडची बिचारी म्हणायची "काही हरकत नाही", आणि माझी पोरगी घरी येऊन म्हणायची, बाबा, मला बोलता येत नाही. आता यात भाषा किती आणि नेटवर्क किती, हे त्या वयात कुणाला कळतं? पाचव्या आठवड्याला तिनं सोडून दिलं.

ज्यांच्याकडे वाय-फाय आहे त्यांच्यासाठी हे सगळं छान. तिसऱ्या गेटजवळ बसून लिहायला सोपं आहे, ताई.

तिसरं_गेट
मलप्रभाकाठ, तुमचं म्हणणं खोडायचं नाही मला. उलट माझीच चूक सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, तो साडेचार होतो. माहीत असून मी विसरले. त्या मंगळवारी आम्ही नेहमीप्रमाणे साडेसहाला बसलो, समोर रिकामा पडदा. ते त्यांच्या तीनला, म्हणजे आपल्या साडेसातला आले. अर्ध्या तासातच बाहेरगावच्या चौघी शेवटच्या बससाठी उठून गेल्या. पुढच्या भेटीत त्यांच्या जोडीदारणींनी विचारलं, तुम्ही रागावलात का?

पण म्हणून काय करायचं? गावाकडच्या मुलींना यातून वगळायचं? मी तरी सगळ्यांना वर्गात बसवूनच भेटी घेते, घरून नाही.

निपाणीकर_मास्तर
आधी एक खुलासा. हा प्रकार काल जन्मलेला नाही. सेलेस्तँ फ्रेने नावाचा फ्रान्सच्या दक्षिणेकडचा खेड्यातला शिक्षक १९२० च्या दशकात शाळेत छापखाना मांडून मुलांचे मजकूर छापत असे, आणि ते दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवत असे. तिकडूनही पाकिटं येत. तत्त्व तेच, टपाल वेगळं.

आता मतभेद. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत 'कुल्तुरा' नावाचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकी विद्यार्थी आणि फ्रेंच विद्यार्थी एकाच शब्दापुढे मनात येईल ते लिहीत, मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून चर्चा करीत. गंमत अशी की फ्रेंच शिकणारे अमेरिकी विद्यार्थी त्यात इंग्रजीत लिहीत आणि फ्रेंच विद्यार्थी फ्रेंचमध्ये. ज्याची त्याची भाषा. कारण मनातलं नेमकं सांगायचं तर आपलीच भाषा लागते, आणि समोरच्याला अस्सल मजकूर वाचायला मिळतो. म्हणजे "परक्या भाषेत बडबड करा, भाषा येईल" हा त्यांचा दावाच नव्हता.

दुसरं, अशा भेटी फसतातही. ओ'डाउड आणि रिटर या दोघांनी २००६ मध्ये 'फसलेला संवाद' याच विषयावर लेख लिहिला. कारणं त्यांनी चार थरांत मांडली: माणसांची, वर्गाची, संस्थेची आणि प्रत्यक्ष संवादातली. तुमचा घड्याळाचा घोटाळा आणि "रागावलात का" हा प्रश्न पहा, कारण एका थरातलं, दुखणं दुसऱ्यात. दोन माणसं समोरासमोर आणली की समज आपोआप वाढते हे खोटं आहे. कधी कधी मनातले ग्रह पक्के होऊन माणूस परत जातो.

आणि 'डॉख'चं म्हणाल तर बाई, तुमचे तीन तक्ते आधी झाले नसते तर त्या मुलीच्या तोंडून तो शब्द आला असता का? विहीर कोरडी नव्हती. पाणी तुम्हीच भरलं होतं.

तिसरं_गेट
मास्तर, शेवटचं वाक्य गोड आहे म्हणून मान्य करणार नाही! तक्ते मी आधीच्या सहा बॅचनाही दिले होते. तिथे कुणी 'डॉख' म्हणून ओरडलं नाही. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-१ (बी-२ च्या आधीची पातळी) तोंडी परीक्षेत दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. पूर्वी माझी मुलं पाठ केलेली वाक्यं आळीपाळीनं म्हणायची, समोरच्याचं ऐकायचीच नाहीत. आता ऐकतात. ठरलेली भेट चुकली तर काय होतं हे त्यांनी पाहिलंय ना.

कॅम्पातली
मी मूळची बेळगावची, आता स्टुटगार्टजवळ हॉस्पिटलात आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलते.

मॅडम, पडद्यावरची जोडीदारीण तुमच्याशी सावकाश, नीट, पुस्तकी बोलते. तिला शिकवलेलंच असतं तसं. वॉर्डातली आजी श्वाबिश, म्हणजे इथली बोली, बोलते. इथल्या राज्यानं तर स्वतःची जाहिरातच केली होती, की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. पहिल्या महिन्यात मी रात्रपाळीची सूत्रं घेताना निम्मं समजल्यासारखं करून मान डोलवायचे आणि मग चार्ट वाचायचे. व्हिडिओवर ज्या कुणाशी बोलले होते त्यातलं काही कामाला आलं नाही. तिथे कुणी घाईत नसतं, कुणाला दुखत नसतं.

मला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. शाळेतल्या कन्नडच्या पुस्तकात "ऊट आयिता?" (जेवण झालं का?) होतं आणि गल्लीत "ऊट आतेन्री?" ऐकू यायचं. एका भाषेचे दोन चेहरे असतात, पुस्तकातला आणि तोंडातला, याची सवय मला बेळगावनं लावली. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या शहरातल्या मुली श्वाबिश ऐकून रडल्या. मी नाही रडले. (एकदाच. पण ते थंडीमुळे.)

उद्यमबाग
बघा! हेच म्हणालो होतो की. गल्ली पायजे.

तिसरं_गेट
थांबा, गल्लीचंच एक सांगायचं राहिलं.

एक नोव्हेंबरच्या आठवड्यातली भेट. पलीकडच्यांनी सहज विचारलं, या आठवड्यात तुमच्याकडे सुट्टी आहे म्हणे, कसली? माझ्या पोटात गोळा. वर्गात चार मुली कन्नड आहेत. त्यांच्यासाठी राज्योत्सव, मराठी घरांत काळा दिन. वर्षभर एका बाकावर बसून कुणी यावर अवाक्षर काढलेलं नव्हतं. मी विषय बदलणार, तेवढ्यात एक कन्नड मुलगी बोलायला लागली. तुटक जर्मन. "त्या दिवशी आमचं राज्य झालं. आम्ही आनंदी." मग तिच्या शेजारची मराठी मुलगी: "त्या दिवशी आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो. माझे आजोबा दुःखी." पलीकडून प्रश्न: "आणि तुम्ही दोघी?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आम्ही बस एकत्र पकडतो."

मराठीत किंवा कन्नडमध्ये हे बोलणं झालंच नसतं, आणि झालं असतं तर कुठल्या कुठे गेलं असतं. भांडायला लागणारे शब्द अजून आमच्या धड्यात आलेलेच नाहीत!

मलप्रभाकाठ
हे वाचून मात्र गप्प बसलो थोडा वेळ.

निपाणीकर_मास्तर
प्रसंग चांगला आहे. पण यात जर्मनांचा वाटा एका प्रश्नाचा. खरी देवाणघेवाण एका बाकावरच्या दोघींत झाली.

उद्यमबागकरांच्या पहिल्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, ते मी देतो. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातल्या विद्यापीठात २००६ पासून 'टेलेटँडम' चालतं. त्याचे नियम तीन. दोन भाषांची सरमिसळ करायची नाही, अर्धा वेळ एक, अर्धा वेळ दुसरी. दोघांनी एकमेकांना सारखं द्यायचं. आणि आपलं शिकणं आपण ठरवायचं. यातला दुसरा नियम आपल्याला जड जातो. आपली मराठी हवी असणारा जर्मन कुठून आणणार? म्हणून आपण इंग्रजी देतो, म्हणजे दुसऱ्याकडून उसनं आणलेलं नाणं. मराठी खरोखर हवी असणारा माणूस कोण? रामदेव गल्लीत दुकान टाकलेला हुबळीचा कापडवाला. म्हैसूरकडून बदली होऊन आलेला बँकेतला मुलगा. आणि कन्नड हवी असणारे? सरकारी नोकरीचा अर्ज भरणारी आपलीच पोरं.

शहापूर_वडगाव
डिसले गुरुजी आठवा. २०२० चं ग्लोबल टीचर प्राईज मिळालं ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेसाठी. सगळ्यांना क्यूआर कोड आणि जगभरच्या व्हिडिओ सफरी लक्षात आहेत. त्याआधीचं विसरतात. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेत. गुरुजी आधी मुलांची भाषा शिकले, धडे तिच्यात आणले. आपल्या इथलंच चित्र, फक्त उलटं धरलेलं.

आमच्या वडगावात मागावर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. पण पोरं वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत. दहावीपर्यंत समोरच्या घरातल्या पोराशी नीट बोलणं नाही. मी तर म्हणतो, मास्तरांचा तो शब्दांचा खेळ इथंच करा. पहिला शब्द 'गडी'. मराठी पोरगं लिहील शेतावरचा माणूस, नाहीतर खेळातला जोडीदार. कन्नड पोरगं लिहील सीमा, कारण त्यांच्यात 'गडि' म्हणजे हद्द.

उद्यमबाग
आरं, हे भारी हाय की! खरं एक, जागा न्हाई म्हणून रडू नका. शनिवारी चारनंतर माझ्या ऑफिसची वरची खोली रिकामी असते. पंखा हाय, करंट गेला तर जनरेटर हाय. व्हिडिओ-बिडिओ काय नको. आमच्या मोल्डिंगचे दोघे मी पहिल्यांदा बसवतो, एक मराठी, एक कन्नड. हिंदी बोलला की दहा रुपये दंड, त्याचा चहा.

तिसरं_गेट
माझ्या वर्गातल्या त्या दोघी यायला तयार आहेत, विचारून लिहितेय. पण मंगळवारचा जर्मन वर्ग मी बंद करणार नाही, हे आधीच सांगते. "विहीर कोरडी" हे मागे घेते, बाकी मत तेच.

कॅम्पातली
मॅडम, पुढच्या खेपेला एखाद्या मंगळवारी मला बोलवा. मी सावकाश बोलणार नाही.

मलप्रभाकाठ
शनिवारी पोरीला घेऊन येतो. चारला सुरू करा, साडेचारला नको. आमची शेवटची बस सहाला सुटते, आणि ती कुणाच्या घड्याळावर चालत नाही.