नाटकानं पोट भरतं का?

'नाटकानं पोरांचं पोट भरतं का?' असं लोक विचारतात, म्हणून लिहितो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भरतं, निदान दिवाळीपासून होळीपर्यंत तरी. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावची मंडळं तिथंच येऊन प्रयोग ठरवतात. इथले नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या गावातला एक पोट्टा, दहावी नापास, वरून तोतरा. दोन वर्षं मंडपात सतरंज्या टाकायचा. मग शिपायाचं काम मिळालं, एकच वाक्य. ऐन प्रयोगात 'सरकार'मधला 'स'च निघेना. ऑर्गनवाल्यानं हळूच सूर धरला आणि पोट्ट्यानं ते वाक्य चक्क गाऊन टाकलं! शिट्ट्याच शिट्ट्या. आता हाच ग्रामसभेत उभा राहून रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब मागतो. अडखळतो, पण खाली बसत नाही.

मुलींचं मात्र अवघड आहे बावा. नाटक रात्रभर चालतं, घरचे सोडत नाहीत. शाळेतच दिवसा पथनाट्य बसवलं तर येतात. फक्त तालीम साडेचारला संपवा, आमच्याकडची शेवटची एसटी पाचची आहे.