जुन्या बगचा उपाय सापडत नाही, नोंदी कशा ठेवता?

लातूरहून विचारतोय. आडतीच्या पट्टीचं (शेतमाल विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर आम्ही तिघं सांभाळतो. काल सोयाबीनच्या पट्टीत हमाली दोनदा कापली गेली. हाच बग (सॉफ्टवेअरमधली चूक) मागच्या हंगामात मी दुरुस्त केला होता, पण नोंदीचं शीर्षक नुसतं ‘पट्टी चुकतेय, अर्जंट’. दोन तास शोधलं. शेतकऱ्याचा पैसा आहे हो, जिवाला घोर लागतो.

नांदेडहून: शीर्षकात लक्षण लिहा, ‘वजन बदलून सेव्ह केलं की हमाली दोनदा’. एरर मजकूर म्हणून चिकटवा, नुसता फोटो नको. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) कमिटमध्ये, म्हणजे कोडमधला बदल जतन करतानाच्या संदेशात, नोंदीचा नंबर टाकला की दुरुस्ती त्या नोंदीखालीच दिसते.

परभणीहून: दुबार नोंद पुसू नका, मूळ नोंदीला जोडून बंद करा. प्रत्येकाचे शब्द वेगळे असतात, कुणाच्याही शब्दांनी शोधलं तरी मूळ नोंद सापडते.

लातूर: आणखी एक सापडलं! ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संगणकी संकेतांत) दोन तऱ्हांनी टाइप होतो, म्हणून आमच्या शोधात अर्ध्या नोंदी येतच नव्हत्या. आज सगळ्या एकसारख्या करतोय.