रेडॉक्स बिल्ड करायला पॉडमॅन कशाला?

(एका फोरमवरची चर्चा; प्रत्येक मजकुरावरचं नाव लिहिणाऱ्या सदस्याचं.)

जुनी खोड

रेडॉक्स ही रस्ट या भाषेत लिहिलेली, मायक्रोकर्नलवाली (म्हणजे कर्नल, सिस्टिमचा गाभा, अगदी छोटा ठेवलेली) मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. २०१५ पासून तिचं काम चालू आहे. ती स्वतः बिल्ड करायची (सोर्स कोडपासून बांधायची) तर हल्लीचा रुळलेला रस्ता पॉडमॅनचा, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट चालवायची, डेबियन या लिनक्सवर आधारलेला कंटेनर (होस्टपासून, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या सिस्टिमपासून, वेगळी ठेवलेली बंदिस्त जागा) उभा राहतो, मग बांधायला 'मेक ऑल' आणि क्यूईमू या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघायला 'मेक क्यूईमू'. कंटेनर नको असेल तर 'डॉट कॉन्फिग' फाइलीत पॉडमॅन-बिल्डचा व्हेरिएबल ० करून ठेवायचा.

मला हे उलटं वाटतं. कंटेनर ज्याला हवा त्याने मागून घ्यावा. मूळ रस्ता थेट होस्टवरचा असावा. ऑपरेटिंग सिस्टिमला हात घालणाऱ्याला क्रॉस कंपायलर (एका सिस्टिमवर बसून दुसरीसाठी प्रोग्रॅम बनवणारा) म्हणजे काय, प्रोग्रॅम कुठल्या सी लायब्ररीला जोडला जातो (इथे लिनक्सवरची नेहमीची ग्लिबसी नाही, रेडॉक्सची स्वतःची रेलिबसी), हे पहिल्याच आठवड्यात अडलं पाहिजे. कंटेनरमध्ये ताट वाढूनच मिळतं. मग एक दिवस बिल्ड मोडतो आणि माणूस कंटेनर पुसून पुन्हा बांधत बसतो. दुसरं काही त्याला ठाऊकच नसतं.

पहाटेचा बिल्ड

"पहिल्याच आठवड्यात अडलं पाहिजे" हे वाचून हसू आलं. अहो, अडतं ते हे नसतंच! बिल्डच्या अवजारांपैकी ऑटोकॉन्फ जुना निघतो, बायसन नसतो, तीच हेडर फाइल लिनक्सच्या फेडोरात एका पॅकेजमध्ये, आर्चमध्ये दुसऱ्या, उबंटूत तिसऱ्या. रेडॉक्समध्ये बाहेरची सी सॉफ्टवेअरंही पोर्ट करून (रेडॉक्सवर चालतील अशी बदलून) आणलेली आहेत, त्यामुळे ऑटोटूल्स, सीमेक, मेसन अशी अवजारांची सगळी फौज लागते. या शोधाशोधीतून मायक्रोकर्नलबद्दल शष्प कळत नाही. कळतं एवढंच, की आपण हे काम उगाच अंगावर घेतलं.

दुसरी बाजूही बघा. बग कळवणारा आणि तो सोडवणारा यांचा कंपायलर एक असला की "माझ्याकडे तर चालतंय" हा संवादच होत नाही. फुकट काम करणाऱ्या माणसांचा वेळ यातच वाचतो.

फुकट फौजदार

थेट बिल्ड करणारे स्वतःचा कंपायलर हाताने लिहितात की तोही आयताच घेतात? 🙂

रिकामा स्टॅक

दोघंही कंटेनरला आहे त्याहून मोठं समजताय. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो होस्टचाच वापरतो. म्हणजे तुम्ही बांधलेली सिस्टिम कंटेनरमध्ये बूट होणं शक्यच नाही. त्यासाठी क्यूईमू लागतो आणि तो या मांडणीत होस्टवर टाकतात. डिस्क इमेजचं तेच. रेडॉक्स-एफएस या रेडॉक्सच्या फाइल सिस्टिमची इमेज माउंट करायला फ्यूज (कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवण्याची सोय) लागतं, म्हणून कंटेनरला 'डेव्ह फ्यूज' हे डिव्हाइस द्यावं लागतं आणि वर सिस-अॅडमिन ही क्षमताही (सिस्टिम हाताळायचा खास अधिकार). ती क्षमता म्हणजे जवळपास अर्ध्या घराच्या किल्ल्या. पॉडमॅन रूटशिवाय (सर्वाधिकारी युजरशिवाय) चालतो म्हणून निभावतं: आतला रूट बाहेर तुमचाच साधा युजर असतो. डॉकर या दुसऱ्या कंटेनर-प्रोग्रॅमच्या नेहमीच्या मांडणीत डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) रूट म्हणून चालतो, आणि 'डॉकर' गटात नाव असणं म्हणजे रूट असल्यासारखंच.

या रूटशिवायच्या जादूलाही किंमत आहे. 'सबयूआयडी' आणि 'सबजीआयडी' या फाइलींत तुमच्या युजरच्या नावावर, कंटेनरमधल्या युजरना वाटायला, आयडींचा पट्टा लागतो, साधारण ६५,५३६ चा. माझ्या जुन्या खात्याला तो नव्हता. इमेज उतरवताना "नेमस्पेसमध्ये पुरेसे आयडी नाहीत" अशी तक्रार आली आणि अख्खी संध्याकाळ मी नेटवर्कला दोष देत बसलो. नोंद घातली, 'पॉडमॅन सिस्टिम मायग्रेट' चालवलं, संपलं. तेव्हा कंटेनर घेतला म्हणजे होस्टची कटकट संपत नाही, वेगळी येते.

जुनी खोड

हेच तर म्हणतोय! शिवाय "सगळ्यांचा कंपायलर एक" हेही पूर्ण खरं नाही. डेबियनच्या इमेजचा 'स्टेबल' टॅग (नावाची चिठ्ठी) २०२५ च्या ऑगस्टपर्यंत बुकवर्म या आवृत्तीवर होता, नंतर ट्रिक्सीवर गेला. त्याच टॅगवरून आदल्या महिन्यात बांधलेली इमेज आणि नंतर बांधलेली इमेज वेगळी. इमेज बांधायची कृती असलेली कंटेनरफाइल तीच, अक्षरही बदललेलं नाही.

पहाटेचा बिल्ड

मान्य, पण हा दोष टॅगचा. टॅगऐवजी एसएचए-२५६ डायजेस्ट (त्या नेमक्या इमेजचा ठसा) लिहिला की बेस इमेज पक्की. वरून 'अॅप्ट'ने (डेबियनच्या पॅकेज उतरवणाऱ्या अवजाराने) येणारी पॅकेजं तरी बदलतात, त्यांना डेबियनचं स्नॅपशॉट संग्रहस्थळ आहे. तारीख दिली की त्या दिवशीची पॅकेजं मिळतात. होस्टवर असं एका तारखेवर गोठून राहता येतं का? गोठलात तर सुरक्षेचे अपडेट्स गेले.

कच्चा लिंबू

मध्येच विचारतो. माझ्याकडे विंडोज आहे. मी यातलं नक्की काय करू?

रिकामा स्टॅक

लिनक्सचे कंटेनर विंडोज आणि मॅकवर एका लपलेल्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतात. सोर्स कोड डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमधलं लिनक्स) च्या आतल्या फाइल सिस्टिममध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर नको. हजारो बारक्या फाइली त्या भिंतीपलीकडून वाचताना बिल्ड रांगतो.

जुनी खोड

@कच्चा लिंबू, माझं मत काहीही असो, तुम्ही पॉडमॅननेच सुरुवात करा. पण पहिला बिल्ड झाला की 'मेक कंटेनर-शेल' देऊन आत शिरा. सोर्स कोड 'एमएनटी रेडॉक्स'खाली दिसेल. कुठला जीसीसी (सीचा कंपायलर) चालतोय, कार्गो (रस्टचं बिल्डचं अवजार) कुठल्या फोल्डरमधून येतोय, ते बघून इथे लिहा.

पहाटेचा बिल्ड

बघा, शिकवायला शेवटी कंटेनरच लागला.