बाळाच्या कॉटला कडेने गादी बांधायची की नाही?

वेंगुर्ल्याची सून

नमस्कार. आमच्या लेकीला तिसरा महिना लागलाय. बाळंतपणानंतर माहेरून वेंगुर्ल्याला सासरी आले आणि नवऱ्याच्या लहानपणची कॉट माळ्यावरून खाली उतरली. फणसाच्या लाकडाची, अजून इतकी भक्कम की दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही. चारी बाजूंना उभे गज.

सासूबाईंनी तिला आतून लावायला गादी शिवलीय, दुकानात ज्याला बंपर म्हणतात तशी. जुन्या सुती साड्यांचे थर, मध्ये परड्यातल्या सावरीचा कापूस, बांधायला साडीच्या काठांचे बंद. उंची वीतभर, जाडी चार बोटं. टाके असे बारीक आणि एका रांगेत की मशीनवर घातलेत असं वाटावं. चष्मा लावून रात्री बसायच्या त्या.

नणंद अमेरिकेत असते. व्हिडिओ कॉलवर तिची नजर गादीवर गेली आणि ती लगेच म्हणाली, "वहिनी, ती आधी काढ, इकडे विकायलाही बंदी आहे." सासूबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "चारय बाजूक गोधडे लावून चार पोरां वाढयलंय. तूय हेच्यातच झोपलंस, काय झाला तुका?" नणंद गप्प झाली आणि मीही. नवरा म्हणतो गजांमधलं अंतर जास्त आहे, गादी काढली तर डोकं बाहेर येईल. त्याचंही खोटं वाटत नाही.

मी स्वतः दोन्हीकडून घाबरलेय. बाळ पाय मारत मारत कोपऱ्यात सरकतं, पहाटे बघितलं तर गाल गादीला चिकटलेला असतो. सध्या मी तिला माझ्याशेजारी चटईवर घेतेय आणि कॉट रिकामी आहे. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार, तेव्हा जमिनीवर पाय ठेवायला जागा नसते, त्याआधी काय ते ठरवायला हवं. कोणी नीट कारणासकट सांगेल का? "बांधू नका" एवढंच सांगून घरात चालणार नाही.

दापोलीकर आई

मी बांधा म्हणेन. माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याचा पाय गुडघ्यापर्यंत गजांतून बाहेर गेला आणि मागे येईना. रात्री दोनला किंचाळून उठला. यांनी खोबरेल तेल चोळून चोळून सोडवला, तोवर मांडी लाल झाली होती. त्यानंतर आम्ही जाळीचं बंपर आणलं. हवा खेळती राहते, पुन्हा तसं झालं नाही. सगळं अमेरिकेचं ऐकायची गरज नाही, आपल्याकडे बाळाजवळ कोणी ना कोणी असतंच.

निवृत्त सिस्टर, रत्नागिरी

वेंगुर्ल्याची सून, मी नोकरीची बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली. बांधू नकोस. कारण सांगते, आणि ते सासूबाईंनाही वाचून दाखव.

दापोलीच्या ताईंच्या बाळाचा पाय अडकला तेव्हा ते किंचाळलं. म्हणून घर जागं झालं, तेल लावलं, पाय सुटला. हात, पाय, टाळू कशाला लागलं तर बाळ रडतं. नाक गादीत दबलं तर ते रडत नाही. रडायला श्वास लागतो, तोच नसतो. आई हाताच्या अंतरावर झोपलेली असली तरी तिला कळत नाही. "जवळ कोणीतरी असतं" यावर मी म्हणूनच भरवसा ठेवत नाही.

होतं काय, तर अडीच-तीन महिन्यांचं बाळ मान वळवतं, पण एखाद्या गोष्टीत तोंड रुतलं की मान मागे घेण्याची ताकद आणि समज दोन्ही अजून पक्की नसते. सावरीचा कापूस मऊ, त्यात खळगा पडतो. त्या खळग्यात बाळ सोडलेलाच श्वास पुन्हा घेत राहतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, प्राणवायू कमी होतो. मोठं माणूस गुदमरून जागं होतं आणि कूस बदलतं. काही बाळं जागीच होत नाहीत. झोपेत दगावणारी बहुतेक बाळं सहा महिन्यांच्या आतली असतात, त्यातही दोन ते चार महिन्यांचा काळ सगळ्यात नाजूक. तुमची लेक नेमकी त्याच वयात आहे. तू लिहिलंस ना, गाल गादीला चिकटलेला असतो. मला त्या वाक्यानेच लिहायला बसवलं.

अमेरिकेत २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला. १९८५ ते २००५ या काळातल्या सरकारी नोंदी चाळून डॉक्टरांना बंपरमुळे गेलेली २७ बाळं सापडली. ११ बाळांचं तोंड बहुधा गादीला दाबलं गेलं होतं, १३ बाळं गादी आणि दुसऱ्या कशाच्यातरी फटीत अडकली, आणि तिघांच्या गळ्याला बांधायच्या नाड्यांचा फास बसला. त्याच अभ्यासात उलट बाजूही पाहिली होती: ही गादी ज्या इजांपासून वाचवते त्या बहुतेक खरचटणं, टेंगूळ अशा. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ पासून बंपर नको असं सांगितलं, मे २०२२ मध्ये कायद्यावर सही झाली आणि नोव्हेंबर २०२२ पासून जाड बंपर बनवायला आणि विकायला देशभर बंदी आली. नणंदेचं म्हणणं बरोबर आहे.

ताई, पातळ जाळीचं बंपर त्या बंदीतून वगळलंय हे खरं. पण डॉक्टरांच्या सूचनांत कठड्याला बांधायची कुठलीच वस्तू नको असं आहे. बाळ उभं राहायला लागलं की त्यावर पाय देऊन कठडा ओलांडतं ते आणखी निराळं. पाय अडकू नये म्हणून त्याची झोपायची जागा धोक्यात घालू नका.

आता सासूबाईंचं. "चार पोरां वाढयलंय" हे शंभर टक्के खरं आहे आणि ते कोणी खोडू नये. अशी गादी लावलेली बहुतेक बाळं सुखरूप वाढतात. ज्या घरात बाळ दगावलं, त्या घरातही आधीची भावंडं सुखरूप वाढलेली असू शकतात. आणि त्या काळी गजांमध्ये मोठी फट असायची, म्हणून त्यांनी गोधड्या लावल्या हे शहाणपणाचंच होतं. परदेशातही जुन्या कॉटच्या रुंद फटी बुजवायलाच ही गादी वापरात आली. पुढे १९७० च्या दशकात तिथे दोन गजांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको असा नियम झाला आणि गादीचं काम संपलं, तरी ती शोभेसाठी राहिली.

म्हणून आधी टेप घेऊन दोन गजांमधली मोकळी जागा मोज. नवऱ्याला डोकं बाहेर येईल असं वाटतंय, पण खरा धोका त्याहून वाईट असतो. बाळ पायांकडून फटीतून सरकतं, धड बाहेर जातं आणि डोकं आत अडकतं. अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त निघालं तर जशी आहे तशी ती कॉट गादीशिवायही वापरू नकोस.

वेंगुर्ल्याची सून

काकू, लगेच मोजलं. नऊ सेंटिमीटर. एका बाजूला तर गज थोडा वाकलाय, तिथे साडेनऊ भरतं. अंगावर काटा आला. कॉट काढून टाकायची का? सासऱ्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलेली आहे, ते आता नाहीत, त्यामुळे घरात तिच्यावर सगळ्यांचा जीव आहे. तिला जुना हिरवा ऑइलपेंट आहे, जागोजागी पोपडे आलेत.

कुडाळचा सुतार

ताई, फणसाची कॉट टाकू नका. एका दिवसाचं काम आहे. प्रत्येक दोन गजांच्या मध्ये दोन सेंटिमीटर रुंदीचा एक गज वाढवायचा. नऊतून दोन गेले, उरले सात, म्हणजे दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन. वाकलेला गज काढून नवीनच घाला. सुताराला सांगा, वरच्या-खालच्या आडव्या लाकडात खाच पाडून बसव. नुसत्या चुका ठोकलेल्या चालणार नाहीत, आपल्या खाऱ्या हवेत गंजतात आणि गज हलायला लागतो. झाल्यावर प्रत्येक गज मुठीत धरून जोरात ओढून आणि पिळून बघा. कोणी बाजूंना प्लायवूड मारून देतो म्हणेल, मारू देऊ नका. आत हवाच लागणार नाही.

रंगाचं जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. दात यायला लागले की मूल पहिलं कठडाच चावतं. रंग काढायला कॉट सुताराकडेच पाठवा, घरात घासू नका. कोरडं घासलं की धूळ उडते आणि तीच विषारी. आम्ही ओलं करून खरवडतो, तोंडाला मास्क बांधून. तुम्ही आणि बाळ त्या वेळी जवळपास नको. नंतर परत रंग लावायची गरज नाही. फणसाचा पिवळा रंग उघडाच चांगला दिसतो, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्या. वाळवीसाठी कोणी काजूच्या टरफलाचं तेल लावायला सांगेल. वाशांना लावतात ते ठीक, बाळाच्या कॉटला अजिबात नाही, त्याने कातडी भाजते.

खाली अंथरायची गादी काथ्याची कडक करून घ्या, कॉटच्या मापाला घट्ट. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटं गेली तर माप चुकलं.

वेंगुर्ल्याची सून

दादा, फार उपकार झाले. नवऱ्याने ओळखीच्या सुताराला फोन केलाय, परवा टेम्पोने कॉट नेणार. सासूबाईंना काकूंचं सगळं वाचून दाखवलं. २७ बाळांच्या आकड्यावर त्या काही बोलल्या नाहीत. "गोधड्या लावल्या हे शहाणपणाचंच होतं" इथे मात्र परत वाच म्हणाल्या. मग स्वतःच बंद उसवायला घेतले. दूध पाजताना माझ्या पाठीशी लोड म्हणून ती गादी लावायची असं ठरलंय, आणि खरंच कमरेला फार बरं वाटतं.

एकच राहिलं. इथे डास भयंकर आहेत आणि रात्री लाईट जाते. मच्छरदाणी लावली तर तीही तोंडावर येईल का? आणि गारठ्याला दुपटं पांघरायचं की नाही?

निवृत्त सिस्टर, रत्नागिरी

मच्छरदाणी हवीच, डेंग्यू-मलेरियाचे दिवस आहेत. पण ती कॉटच्या बाहेरून, वर छताच्या आकड्याला टांगून खालपर्यंत ताणून लाव. कठड्याच्या आत लोंबता कामा नये आणि बांधायची दोरी बाळाच्या हाताला लागता कामा नये. तिला पाठीवरच झोपव, दिवसाही. दुपट्याऐवजी पूर्ण बाह्यांचं सुती झबलं आणि पायमोजे पुरेत. मानेला मागून हात लावून बघ, घाम असेल तर एक कपडा कमी कर. मोहरीची उशी घातली असशील तर तीही काढ, डोक्याच्या आकारासाठी ती जागी असताना तिला मांडीवर पालथं घेणं जास्त उपयोगी.

कॉट तुमच्याच खोलीत, तुझ्या पलंगालगत ठेव, निदान सहा महिने. आणि गणपतीत पाहुणे आले की कोणीतरी मायेने बाळावर शाल टाकतं, कोणी मऊ खेळणं शेजारी ठेवतं. नवऱ्याला आधीच सांगून ठेव की आल्यागेल्याला हे त्याने सांगायचं. नव्या सुनेने सांगितलं की वाईट दिसतं, घरच्या मुलाने सांगितलं की सगळे ऐकतात.