टर्नओव्हरमुळे कॉलेज फुटबॉल संघाचा हंगाम खरोखरच बिघडतो का?

मुलुंडकर:

माझी भाची गेल्या वर्षापासून अमेरिकेत ओहायोमधील एका विद्यापीठात शिकते आहे आणि तिच्यामुळे आमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे दुपारचे बारा वाजलेले असताना, अमेरिकन फुटबॉलचा सामना लावला जातो. नियम आता बऱ्यापैकी समजू लागले आहेत. तिच्या संघाने 12 सामन्यांच्या हंगामातील पहिले 6 सामने खेळले असून त्यांपैकी 4 गमावले आहेत. दोन अनुक्रमे 3 आणि 6 गुणांनी, उरलेले दोन मात्र 20 हून अधिक गुणांनी. या सहा सामन्यांत संघाने 11 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला आणि केवळ 4 वेळा मिळवला. समालोचक प्रत्येक पराभवाचे खापर याच टर्नओव्हरच्या आकड्यावर फोडतात. हे कारण खरे मानावे का, आणि उरलेल्या सहा सामन्यांत चित्र पालटू शकते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गोरेगावचा आकडेमोड्या:

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही हिशेबापासून सुरू करतो. फंबल झालेला, म्हणजे हातातून निसटलेला, चेंडू प्रतिस्पर्ध्याने उचलला किंवा क्वार्टरबॅकची, म्हणजे चढाईत चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, फेक त्याने अडवून झेलली, तर तो टर्नओव्हर. त्यात नुकसान दुहेरी असते, कारण तुमची गुण मिळवण्याची संधी जाते आणि पंट मारून, म्हणजे लांब लाथ मारून, चेंडू साधारण 40 यार्ड मागे ढकलण्याचा हक्कही जातो. प्रतिस्पर्धी जिथे चेंडू मिळाला तिथूनच चढाई सुरू करतो. अभ्यासक एका टर्नओव्हरची किंमत ढोबळमानाने 4 गुण धरतात. तुमच्या संघाची वजाबाकी उणे 7 आहे, म्हणजे सहा सामन्यांत 28 गुण, सामन्यागणिक 5 गुणांच्या आतच. या हिशेबाने 3 आणि 6 गुणांचे पराभव टर्नओव्हरच्या खात्यावर टाकता येतील, परंतु 20 हून अधिक गुणांनी झालेले पराभव त्याने स्पष्ट होत नाहीत. तिथे संघ मुळातच कमी पडला असला पाहिजे.

तरीही एकच चेंडू अख्ख्या हंगामाचे वळण बदलू शकतो, हे मी मान्य करतो. 17 ऑक्टोबर 2015 रोजी मिशिगनचा संघ मिशिगन स्टेटविरुद्ध 23-21 असा पुढे होता, 10 सेकंद उरले होते आणि फक्त पंट मारायचा होता. मागे आलेला चेंडू पंटरच्या हातून निसटला, मिशिगन स्टेटच्या खेळाडूने तो 38 यार्ड पळवत नेला आणि सामना 27-23 असा फिरला. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. मी उठून उभा राहिलो होतो आणि बराच वेळ बसलोच नाही. त्या वर्षी मिशिगन स्टेटने नियमित हंगामात एकच सामना गमावला, बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटाचे अजिंक्यपद जिंकले आणि चार संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये प्रवेश केला. तो चेंडू नीट हातात बसला असता, तर हे सारे घडले असते असे मला वाटत नाही.

आता नशिबाचा भाग. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असल्यामुळे जमिनीवर पडल्यावर कुठे उसळेल याचा नेम नसतो, आणि सुटलेला चेंडू कोणाला मिळेल हे दीर्घकाळात जवळपास निम्मे-निम्मे असते. म्हणून तुमच्या संघाच्या हातून चेंडू एकूण किती वेळा निसटला, हे मोजून पाहा. दहा वेळा निसटून पाच वेळा गेला असेल तर हातच सैल आहेत. सहा वेळा निसटून पाच वेळा गेला असेल तर दैव वाईट आहे, आणि ते पुढच्या सहा सामन्यांत तसेच राहील असे मानायला आधार नाही. याची दुसरी बाजूही आहे. मियामीच्या संघाने 2017 मध्ये चेंडू हिसकावणाऱ्या खेळाडूच्या गळ्यात जाडजूड सोनेरी साखळी घालण्याची प्रथा सुरू केली, पहिले 10 सामने जिंकले आणि त्यानंतरचे तिन्ही गमावले. हिसकावलेल्या चेंडूंचा ओघ कायम राहील अशा भरवशावर हंगाम उभा करता येत नाही.

प्रभादेवीची कबड्डी:

मी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही, पण महाविद्यालयीन मुलींना कबड्डी शिकवते, आणि वरच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली आहे असे मला वाटते. आमच्याकडे चढाई करणारी मुलगी पकडली गेली की समोरच्या संघाला गुण मिळतो, ती बाहेर बसते आणि त्यांची एक बाद खेळाडू आत येते. अशा पकडी जास्त झालेला संघ बहुधा हरतो, हे खरेच. परंतु त्या पकडी सामन्यात केव्हा झाल्या हे पाहिल्याशिवाय मी कधीही निष्कर्ष काढत नाही. दहा गुणांनी मागे पडलेली आणि शेवटची चार मिनिटे उरलेली मुलगी बोनसवर समाधान मानत नाही. ती कोपऱ्यापर्यंत खोल जाते आणि तिचा घोटा धरला जातो. अशा वेळी पकडीमुळे पराभव होत नाही, पराभव दिसू लागल्यामुळे पकड होते. मागे पडलेला क्वार्टरबॅकही असाच लांब, धोक्याच्या फेकी करीत असणार. त्या मोठ्या पराभवांतील टर्नओव्हर कोणत्या वेळी झाले, ते अवश्य तपासावे.

पावसाळी रग्बी:

मी मुंबईत पावसाळ्यात रग्बी खेळतो, त्यामुळे निसटणाऱ्या चेंडूविषयी थोडे अनुभवाने लिहितो. चेंडू कोणाला मिळेल हे दैवावर असले, तरी तो निसटावा की नाही हे पुष्कळसे हातावर असते. निमुळते टोक बोटांनी झाकायचे, दुसरे टोक कोपराच्या खोबणीत दाबायचे आणि मधला भाग छातीला असा चिकटवायचा की चेंडू आणि अंग यांच्यात जागाच उरू नये. चिखलाने माखलेल्या चेंडूनेच हा सराव करावा, कारण कोरड्या चेंडूवर सगळ्यांचेच हात चांगले असतात. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे चेंडू कोणत्या हातात आहे. कडेने धावताना तो मैदानाबाहेरच्या बाजूच्या हातातच हवा, म्हणजे अंगावर येणाऱ्याला आधी तुमचा खांदा लागतो. चेंडू त्याच्या बाजूच्या हातात असेल, तर तो नुसत्या पंजाच्या फटक्याने सुटतो.

मुलुंडकर:

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. रविवारी दुपारी भाचीशी बोलत बोलत सहाही सामने पुन्हा पाहिले. अकरांपैकी 6 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी, होती, आणि त्यांतील 4 त्या दोन मोठ्या पराभवांच्या शेवटच्या चौथ्या भागात, संघ आधीच 17 किंवा त्याहून अधिक गुणांनी मागे असताना झाली. कबड्डीच्या ताईंचे निरीक्षण तंतोतंत लागू पडले. चेंडू एकूण 6 वेळा निसटला आणि 5 वेळा प्रतिस्पर्ध्याला मिळाला, तेव्हा दैवाचा वाटाही मोठा होता. मात्र त्या पाचांपैकी 3 एकाच धावपटूच्या हातून गेले होते. चित्र थांबवून पाहिले, तेव्हा तिन्ही वेळा तो उजव्या कडेने धावत होता आणि चेंडू त्याच्या डाव्या हातात होता. भाचीने ते छायाचित्र जपून ठेवले आहे. येत्या शनिवारी साडेनऊला आम्ही दोघेही आधी त्याचा हात पाहणार आहोत.