मदत हवी आहे: पहाटे जाग येते, पण अंग हलत नाही

अर्धाकप
आज चौथ्यांदा झालं म्हणून लिहितोय. डोळे उघडे असतात, पंखा दिसतो, शेजारी बायको घोरतेय तेही ऐकू येतं, पण बोटसुद्धा हलत नाही. ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. छातीवर सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं होतं आणि दाराशी कुणीतरी उभं असतं. चेहरा दिसत नाही, पण असतं. मिनिटभरात सुटतं आणि मग परत डोळे मिटायची हिंमत होत नाही. गूगल करून झालंय, लिंका नकोत. थांबवायचं कसं तेवढं सांगा. सोमवारी रिलीज आहे.

मालवणी_खाजा
आमची आजी उशाखाली अडकित्ता ठेवायची. लोखंड लागतं. हसा हवं तर, मी अजून ठेवतो आणि तीन वर्षांत एकदाही झालेलं नाही.

घड्याळजी
अडकित्ता सुपारीसाठी ठेवा. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत (मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात ती झोप) पडतात आणि तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली उडी आपण पलंगावरून मारली असती. तुमच्या बाबतीत जाग आधी येते आणि कुलूप उशिरा उघडतं. दाराशी उभा आहे तो उरलेल्या स्वप्नाचा तुकडा. श्वासाचा पडदा चालूच असतो, त्यामुळे गुदमरून काही होत नाही. आता सांगा, झोपता किती वाजता? उताणे झोपता का? दिवसा पेंगता का?

अर्धाकप
शीर्षकात पहाटे लिहिलंय ना. उताणाच झोपतो, लहानपणापासून.

घड्याळजी
पहाटे म्हणजे किती?

अर्धाकप
नऊ-साडेनऊ. शिफ्ट संध्याकाळी सहा ते तीन असते, घरी येऊन चारला आडवा होतो. रिलीजच्या आठवड्यात पाचही वाजतात.

चहाबाज
साडेनऊला पहाट! आणि वहिनी तेव्हा घोरत असतात?

अर्धाकप
तीही त्याच शिफ्टला आहे.

चहाबाज
मग त्यांची झोपेची तपासणी करून घ्या. माझ्या मेहुण्याचंही घोरणं आम्ही थट्टेवारी नेलं, निघाला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. आता मशीन लावून झोपतो, दुपारी गाडी चालवताना डुलकी येत नाही. जाडी किती आहे वहिनींची?

अर्धाकप
प्रश्न माझा आहे हो.

वसुधाताई
घाबरू नका. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. तुम्ही पहिल्या दोघींच्या उंबऱ्यावर अडकता. अनेकांना साधना करूनही हा उंबरा दिसत नाही. त्या वेळी साक्षीभावाने पाहा.

घड्याळजी
ताई, माणूस घामाघूम होऊन उठतोय आणि तुम्ही त्याला भाग्यवान ठरवताय.

वसुधाताई
भाग्यवान म्हटलेलं नाही. वाचून प्रतिसाद द्यावा.

हिमाळकर
कॅनडातून लिहितोय. न्यूफाउंडलंडकडे याला ‘ओल्ड हॅग’ म्हणतात, म्हातारी छातीवर बसते. जपानी लोक ‘कानाशिबारी’ म्हणतात, म्हणजे लोखंडाने जखडल्यासारखं. (खाजासाहेब, इथेही लोखंड आलंच!) डेट्रॉइटच्या संग्रहालयात फ्यूस्ली या चित्रकाराचं १७८१ सालचं चित्र पाहिलं होतं: बाई पलंगावर, छातीवर केसाळ बुटकं ध्यान, पडद्याआडून घोडा डोकावतोय. बाई उताणीच आहे.

टवाळबोका
मालक, ही तर संधी आहे! तिथूनच सरळ ल्युसिड ड्रीममध्ये, म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ हे कळत असतानाच्या स्वप्नात, शिरता येतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे केलेल्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रावर टिपल्या होत्या. मी स्वतः दोनदा उडलोय, एकदा तर कात्रज बोगद्यातून.

अर्धाकप
मला उडायचं नाहीये, झोपायचंय.

घड्याळजी
बोक्याच्या बोलण्यात एक कामाची गोष्ट आहे. डोळ्यांचे स्नायू तेव्हा मोकळे असतात. झालं की धडपडू नका, डोळे डावी-उजवीकडे फिरवा, श्वास सावकाश सोडा, मग पायाचा अंगठा हलवून पाहा. आणि कुशीवर झोपा. पण मूळ कारण ही शिफ्टच.

सिस्टरबाई
वॉर्डात वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे. शिफ्ट आहेच, पण ती कधीपासून? हसताना गुडघे लटके पडतात का? औषधं चालू आहेत का?

अर्धाकप
शिफ्ट चार वर्षं. गुडघे ठीक. दिवसा पेंगत नाही. औषधं काही चालू नाहीत.

सिस्टरबाई
चार वर्षं काही नाही आणि आता एकदम चारदा? मधे काय बदललं?

मालवणी_खाजा
घर बदललं का? आधी कोण राहायचं तिथे?

टवाळबोका
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

अर्धाकप
घर तेच. बायको मागून वाचतेय, ती म्हणतेय की सांग. गोळ्या चालू नाहीत म्हणजे आधी होत्या. एंग्झायटीच्या, दीड वर्ष. बरं वाटत होतं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सोडल्या. बंदच केल्यात तर त्यांचा काय संबंध, असं वाटलं.

सिस्टरबाई
डॉक्टरांना विचारून, की मनाने?

अर्धाकप
पाकीट संपलं, परत आणलं नाही.

सिस्टरबाई
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, दादा. अशा बऱ्याच गोळ्या रेम झोप दाबून ठेवतात. एकदम सोडल्या की ती उसळून वर येते, स्वप्नं भडक पडतात, झोप मोडते. त्यात शिफ्ट आणि उताणं झोपणं. तुमची गोळी नेमकी कोणती ते इथे लिहू नका, नाहीतर सगळे डोस सांगत बसतील. ज्यांनी लिहून दिली त्यांना उद्या फोन करा. स्वतःहून परत सुरू करू नका.

वसुधाताई
योगनिद्रेने गोळ्यांशिवायही

वसुधाताई
अर्धवट गेला प्रतिसाद. सिस्टरबाईंशी सहमत, आधी डॉक्टर.

अर्धाकप
फोन केला. आधी ओरडा खाल्ला, मग गुरुवारची वेळ मिळाली. काल कुशीवर झोपलो, उताणा होऊ नये म्हणून बायकोने पाठीशी लोड लावला होता. काही झालं नाही. पण दाराकडे तोंड करून झोपवत नाही अजून.

मालवणी_खाजा
अडकित्ता कुरियर करू का?

चहाबाज
वहिनींच्या तपासणीचं काय झालं?